कामावरचं पाणी

आमच्या गावात तलावाला कुणी तलाव म्हणत नाही. काम म्हणतात. "म्हशी कामावर नेल्यात." "पोरं कामावर पवायला गेल्यात." "औंदा कामावर टिपूस न्हाई." लग्नानंतर बायको पहिल्यांदा गावी आली तेव्हा दुपारी तिनं आज्जीला विचारलं, अण्णा कुठं दिसत नाहीत. आज्जी म्हणाली, "कामावर गेलाय, मासोळ्या बगायला." बायको पुण्याची. रात्री तिनं मला हळूच विचारलं, "तुझे वडील मत्स्य खात्यात आहेत का? तू तर शेती करतात म्हणाला होतास."

हे काम म्हणजे १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव. कागदोपत्री गावाचं नाव आणि पुढं ‘पाझर तलाव क्र. २’ अशी त्याची नोंद आहे. क्र. १ चं मातीकाम मध्येच थांबलं. त्याची अर्धी पाळू, म्हणजे मातीचा बांध, अजून माळावर पडून आहे. तिच्यावर दोन बाभळी उगवल्यात आणि एक म्हसोबा बसलाय. क्र. २ मात्र पुरा झाला. धाराशिव आणि लातूरच्या शिवेवर, तेरणेला मिळणाऱ्या एका ओढ्याला आडवी घातलेली मातीची पाळू. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात, मध्ये कुणी भेटलं नाही तर. भेटतंच.

आज्जी त्या कामावर होती. बहात्तरला पाऊस गेला तो गेलाच. पुढच्या उन्हाळ्यात, मे १९७३ मध्ये, राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात आमच्या घरातली दोन. आज्जी आणि चौदा वर्षांचे अण्णा. आजोबा, म्हणजे आबा, गेले नाहीत. त्याचं कारण पुढं येईल. घरी रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. सुकडीचं नाव काढलं की अण्णांचा चेहरा अजून खुलतो. दुष्काळाची अशी गोड आठवण काढलेली आज्जीला खपायची नाही. "तुला ग्वाड लागनारच," ती म्हणायची, "पाट्या म्या उचलत हुते."

मजुरी मोजमापावर मिळायची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल असा चौकोन खणला की एक ब्रास माती. खणताना मध्ये एक मातीचा खुंट तसाच उभा सोडायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती आणि किती खोल गेलो ते मुकादमाला टेप लावून बघता यायचं. आज्जी त्या खुंटाला साक्षीदार म्हणायची. आणि साक्षीदार फोडता येतो, हेही तिनंच मला सांगितलं. गवताच्या मुळ्यांसकट एक ढेकूळ अलगद उचलून आणायचं, खुंटाच्या डोक्यावर बसवायचं, कडेनं ओला चिखल लिंपायचा आणि वर धूळ भुरभुरायची. चार बोटं उंची वाढते. चार बोटं म्हणजे चौकोनामागं पंचवीस-तीस पाट्या माती वाचली. मुकादमाला कळायचं का? "कळायचं की," आज्जी म्हणायची. "त्यो बी माणूसच हुता. पन रोज न्हाई. सोमवारी मोजायला सायेब असायचा, त्या दिशी टोपी घालायची न्हाई."

पाळू बाहेरून बघितली की मुरमाचा लांबलचक ढीग वाटते. खरी पाळू आत असते. आधी ओढ्याच्या तळात आडवा खंदक खणतात, कठीण थर लागेपर्यंत. तो काळ्या मातीनं ठोकून भरतात आणि तीच काळी माती भिंतीसारखी वर वर चढवत नेतात. थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचं, पुन्हा थर. काळी माती भिजली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. पण तीच उन्हात उघडी पडली तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. म्हणून तिला दोन्ही अंगांनी मुरमाचं पांघरूण, आणि पाण्याकडच्या अंगाला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचं पिचिंग. एका टोकाला सांडवा, पाळूच्या माथ्यापेक्षा बराच खाली. मातीच्या धरणावरून पाणी जाऊन चालत नाही. गेलं की पाळू कापली जाते, तासाभराचंही काम नसतं.

ही काळी माती लागली ती आमच्या रानातून नेली. ओढ्याकाठचं अडीच एकर, घरातलं सगळ्यात कसदार रान. त्यातली कमरेइतकी माती पाळूच्या पोटात गेली आणि जे उरलं त्यावर पाणी आलं. आमच्याकडं राहिलं ते वरच्या अंगाचं मुरमाड. मोबदला आला तोवर अण्णांचं लग्न झालं होतं. पैसे लग्नाच्या उसनवारीत गेले. आबा कामावर का गेले नाहीत, ते हे. स्वतःच्या रानातली माती पाटीत भरून दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची, हे त्यांच्यानं झालं नसतं. आज्जीनं केलं. तिला तीन लेकरं होती.

त्यावर मीठ म्हणजे, हा तलाव पाझर तलाव. त्याला कालवा नाही, दार नाही, चाक नाही. पाणी अडवायचं आणि मुरू द्यायचं. आपल्याकडं जमिनीखाली काळ्या दगडाचे थर एकावर एक पडलेत. काही घट्ट, काहींना भेगा, काही कुजून मुरूम झालेले. तलावातलं पाणी या कच्च्या थरांतून पाळूखालून सरकतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींत निघतं. दोन-चार महिन्यांत तलाव उतरला तर लोक हळहळतात, पण तो उतरण्यासाठीच असतो. उन्हानं उडालं तेवढं वाया. बाकीचं कुणाच्या तरी मोटेत, नंतर इंजिनात, आता मोटारीत.

कुणाच्या तरी म्हणजे खालच्या अंगाच्या सहा विहिरींत. आमची वर. पाणी काही चढावर झिरपत नाही. पाळूखाली पहिलं रान ज्यांचं होतं, त्या घराशी आबांचं पुढं शेवटपर्यंत बोलणं नव्हतं. त्या घराचा काही गुन्हा नव्हता. त्यांनी फक्त ऊस लावला. (उसाबद्दल माझंही एक मत आहे, ७०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात तो कुणी लावावा आणि किती, पण ते इथं काढलं तर लेख तिकडंच वाहून जाईल.) आबा चावडीवर म्हणायचे, "रान माजं बुडवलं आन् हिरी त्येंच्या भरल्या." गावात हे वाक्य म्हणीसारखं झालं. एकानं राबायचं आणि दुसऱ्यानं खायचं, असं कुठं दिसलं की आमच्याकडं अजून म्हणतात, "आबाचं रान झालं की रं."

पैठणच्या जायकवाडीची पाळूही मातीचीच, पण दहाएक किलोमीटर लांब. तिचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केलं आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. आमच्या कामाचं लोकार्पण म्हशींनी केलं.

त्यांच्या मागून बाकीचे आले. पाणी साठवायचं म्हणून जो अंदाज काढला असेल त्यात मजूर, पाट्या, ब्रास, दगड सगळं असणार, पाखरं नव्हती. ती आपली आपण आली. पिचिंगच्या दगडांत टिटवी, काठच्या बेशरमीत ढोकरी, मधल्या वाळलेल्या बाभळीवर पंख वाळत घातलेला पाणकावळा. दिवाळीनंतर वारकरी. हे नाव मला फार आवडतं. सगळं अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा, शंभर-दीडशे जण घोळक्यानं पाण्यावर असे सरकतात की मागून टाळ ऐकू यावेत. एखाद्या वर्षी चक्रवाकाची जोडी. आणि दोनदा, माझ्या आठवणीत दोनदाच, पट्टकादंब हंस. एकदा सात, एकदा अकरा. डोक्यामागं दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारी पाखरं. जायकवाडीला ती दरवर्षी येतात, तिथं १९८६ पासून अभयारण्य आहे. आमच्याकडं बहुधा टेकायला उतरली असतील. आज्जीला म्हटलं, ही हिमालयावरनं आलीत. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "येवढ्या लांबनं आन् कामावर," ती म्हणाली. यात कौतुक किती आणि कीव किती, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पण माझं खरं पाखरू टिबुकली. आमच्याकडं पाणबुडी म्हणतात. मुठीएवढं, शेपूट नसल्यासारखं, बघता बघता बुडी मारून भलतीकडंच वर येणारं. एका ऑगस्टात सुट्टी काढून गावी होतो आणि रोज सकाळी पिचिंगवर बसून तिचं घरटं बघायचो. घरटं म्हणजे कुजक्या शेवाळाचा आणि पाणगवताचा तरंगता ढीग, बुडालेल्या बेशरमीच्या फांदीला अडकवलेला. पाणी चढलं की तोही चढतो. मादी अंड्यांवर बसलेली. तेवढ्यात म्हशी आल्या. पहिली म्हैस पाण्यात उतरली तशी टिबुकली उठली, पण पळाली नाही. चोचीनं बाजूचं ओलं गवत ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा, घाईनं आणि तरी नीट, बाई कणकेच्या परातीवर ओलं फडकं टाकते तसं. चार अंडी झाकली गेली. मग ती कडेवरनं पाण्यात सरकली, तरंगसुद्धा उठला नाही. आता तिथं नुसता कचरा. ही अंडी घालताना पांढरी असतात. रोजच्या या झाकण्यानं ती हळूहळू गवताच्या रंगावर तपकिरी होतात. म्हैस घरट्यापासून दोन हातांवरून गेली. तिच्या लाटेनं ढीग वर-खाली हलला. टिबुकली लांब, बाभळीच्या सावलीत वर आली, नुसतं डोकं बाहेर. म्हशी पार पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ती तशीच होती. परत आल्यावर गवत बाजूला करून बसली. मी घड्याळ बघितलं नव्हतं. चहा ठेवलेला आहे असं सांगायला आलेला पुतण्या शेजारी बसून तोही बघत राहिला आणि चहाचं दोघंही विसरलो.

पोहायला मी इथंच शिकलो. आज्जीच्या काळी कमरेला वाळका भोपळा बांधत, आम्हाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. कॅन सुटेपर्यंत पोरगं शिकतं, नाहीतर कुणीतरी केस धरून काढतं, अशी एकूण पद्धत. पाळूवर खापऱ्या गोळा करून पाण्यावर भाकऱ्या काढायच्या; अण्णांच्या नऊ निघाल्या होत्या, असं अण्णा सांगतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला सगळा गाव इथं. आता बैल थोडे राहिलेत, त्यामुळं कुणी ट्रॅक्टरही आणतं आणि त्यालाही तेवढ्याच मायेनं घासतं.

आणि येळवस. वेळ अमावस्या लातूर-धाराशिवबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. त्या दिवशी गावात चोरी करायला आलेल्या चोरालाही कुणी भेटायचं नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदगीतलं अंबील. आमची कोप वरच्या मुरमाड रानात, जिथून सगळा तलाव दिसतो. जेवणं झाल्यावर बायका पाळूवर फिरायला जायच्या. वर्षातला तो एक दिवस आज्जी पाण्याकडं तोंड करून बसायची आणि काही करायची नाही. बोटानं दाखवायची: "ती बाबळ दिसती का? तिच्या अल्याड आपला आड हुता. तितं चिच." तिथं पाणी होतं आणि वारकरी. आम्ही हो म्हणायचो.

अलीकडं शनिवार-रविवारी मोटारी येतात. वाढदिवस, केक, गाडीची चारी दारं उघडून लावलेली गाणी. बाटल्या पिचिंगमध्ये फुटतात आणि म्हशींच्या खुरांत जातात. पट्टकादंबांचा फोटो मोबाईलवर सगळ्यांना पाठवणारा पहिला माणूस मीच, म्हणून याबद्दल मी फार मोठ्यानं बोलत नाही.

२०१६ ला काम पार कोरडं पडलं. त्याच एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. टीव्हीवर गाडीचं स्वागत चाललेलं, आणि आमच्या तलावाच्या तळाला भाकरी करपावी तशा चिखलाच्या खपल्या सुटलेल्या. आज्जी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं. एका संध्याकाळी म्हणाली, "मला रानात ने." मी वरच्या रानाकडं निघालो तर म्हणाली, "ते न्हाई. आपल्या रानात." पाळूवरून हात धरून तिला खाली उतरवलं. चाळीसहून अधिक वर्षांनी ती त्या जमिनीवर चालत होती, आणि अशी चालत होती जशी काल इथून गेलेली. बाभळीच्या खोडापाशी उजवीकडं वळली. गाळात अर्धवट बुडालेली दगडांची एक गोल ओळ होती, आडाचं तोंड. चिंचेचं काळं पडलेलं बुडखं होतं. तिनं त्याला हात लावला, हाताला लागलेली माती पदराला पुसली. मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "ह्या गाळात काकड्या लावल्या असत्या तर आल्या असत्या की रं?" तळ उघडा पडला की गाळपेर करायची पूर्वीची रीत, तिच्या डोक्यात ते होतं. पण गाळात ओल उरली नव्हती. त्यानंतर तीन वर्षांनी आज्जी गेली.

२०१७ च्या उन्हाळ्यात गाळ काढायचं निघालं. सरकारचीही त्याच साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली होती. पाझर तलावाला गाळ म्हणजे चाळणीला लागलेलं पीठ. तळाची तोंडं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि नुसतं उन्हात तापून उडतं. पोकलेन आलं, ट्रॉल्यांची रांग लागली, ज्याला हवा त्यानं गाळ नेला. अण्णांनी आमच्या मुरमाड रानात दीडशेवर ट्रॉल्या पसरल्या. आबा २००४ ला गेले, नाहीतर त्यांना सांगितलं असतं, तुमचं रान ट्रॉलीत बसून वर आलं. तसं बघितलं तर तो गाळ त्यांच्या रानाचा नव्हता. वरच्या सगळ्या शिवारातून धुपून आलेला. मी हे अण्णांना म्हणालो. "मातीला कुनाची ते इचारू नै," ते म्हणाले आणि पुढच्या ट्रॉलीला हात केला. तिसऱ्या वर्षी त्या रानात तूर डोक्याइतकी झाली. खालच्या विहिरींचं पाणीही मार्चऐवजी एप्रिल संपेपर्यंत टिकायला लागलं. हे झालंच आणि चांगलं झालं.

पण मशीन चालवणाऱ्याला घाई होती आणि त्याला उतार ठाऊक नव्हता. त्यानं काठ सरळ कापले. पूर्वी पाणी हळूहळू खोल व्हायचं. घोट्याइतकं, गुडघ्याइतकं, कमरेइतकं. त्या घोट्याइतक्या पाण्यात शेकाटे लांब तांबड्या पायांवर चालायचे, तुतारी शेपूट हलवत चिखल टोचायची. उत्तरेच्या अंगाला काठ भिंतीसारखे झाले आणि ही पाखरं तिकडं दिसेनाशी झाली. त्याहून वाईट आम्ही नंतर बघितलं. पुतण्या बारा वर्षांचा, तळ पाठ आहे अशा भरवशानं उतरला आणि दुसऱ्या पावलाला खड्ड्यात गेला. कॅन नव्हता. पलीकडं म्हशी राखणाऱ्यानं उडी टाकून त्याला काठाला आणलं. मी पाळूवर फोनवर बोलत होतो. पोरगं ओकलं, रडलं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. मला मात्र अजून रात्री मध्येच तो काठ दिसतो.

पुढच्या खेपेला गावानं ठरवलं, पूर्वेच्या अंगाला मशीन लावायचं नाही. पाखरांसाठी नव्हे. पोरांसाठीही, खरं सांगायचं तर, पहिल्यांदा नव्हे. म्हशींना उतरायला उतार हवा होता. उतार राहिला. शेकाटे तिथं परत आले.

आबांची एक गोष्ट राहिली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या संध्याकाळी गणपती याच पाण्यात बोळवले होते, गुलाल अजून केसांत होता. पहाटे चारच्या सुमाराला भिंती हलल्या. किल्लारीचं नाव नंतर कळलं. तेव्हा एवढंच की सगळा गाव रस्त्यावर, बायका-लेकरं ओरडतायत, कुत्री वेडी झालीत. मी बारा वर्षांचा. आबा घरात परत शिरले, आज्जी ओरडली, ते बॅटरी आणि काचेचा एक ग्लास घेऊन बाहेर आले आणि चालू लागले. मी मागं पळालो. ते पाळूकडं निघाले होते. आबा कामावर पाऊल ठेवत नाहीत असं मी ऐकून होतो.

ते पाळूवर चढलेच नाहीत. खालच्या अंगानं, पायथ्याला, जिथं बारमाही ओल असते आणि लव्हाळा उगवलेला असतो तिथं गेले. बसले. हातानं ओंजळीएवढा खड्डा केला. त्यात पाणी गोळा व्हायची वाट बघितली. ग्लास बुडवून भरला आणि बॅटरीसमोर धरला.

"काय दिसायलंय?"

"पाणी."

"माती हाय का?"

मी नीट बघितलं. "न्हाई."

"मंग घरी चल."

वाटेत त्यांनी सांगितलं. मातीची पाळू झिरपतेच. झिरपावीच. पण झिरा नितळ पाहिजे. गढूळ आला की समजायचं, पाळूच्या पोटातली माती वाहायला लागली. घुशीचं बीळ असो, कुजलेलं मूळ असो. वाट एकदा पडली की पाणी ती खात खात मागं जातं आणि मग हातात काही राहत नाही. म्हणून पाळूवर झाड वाढू द्यायचं नाही. काम चालू असताना एका ओव्हरसियरनं त्यांना हे सांगितलं होतं. म्हणजे आबा त्या काळातही तिथं जात होते. आणि मग कळलं, दर पावसाळ्यात, तलाव भरला की ते रात्रीचे उठून ग्लास घेऊन यायचे. आज्जीला माहीत होतं. ती ग्लास घासून दिवळीत ठेवायची.

(२०१९ मध्ये कोकणात तिवऱ्याचं धरण फुटलं, माणसं गेली, आणि खेकड्यांनी पोखरलं असा खुलासा करणारं एक सरकारी वाक्य देशभर गाजलं. सगळे हसले. मी हसलो नाही. बिळाला मी घाबरतो. पण बीळ एका रात्रीत पडत नाही. त्याच्याकडं वर्षानुवर्षं कुणी ग्लास घेऊन गेलेलं नसतं.)

सप्टेंबर २०२५ मध्ये मी नवरात्रासाठी गावी होतो. घट बसले आणि आभाळ फाटलं. तो पाऊस मराठवाड्यात सगळ्यांनी बघितलाय, त्याचं वर्णन करत नाही. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, नंतर पाण्यात आडवं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सांडव्यावरून कमरेइतकं पाणी चाललं होतं, आवाज गावात ऐकू येत होता, आणि तलाव पाळूच्या माथ्यापासून दीड-दोन हात खाली. पाळूखालच्या वस्तीतली आठ घरं शाळेत हलवली होती. वीज नव्हती. अण्णा म्हणाले, "गलास घे."

तिथं आधीच एकजण पोत्याची खोळ घेऊन उभा होता. पाळूखालचं पहिलं रान ज्यांचं, त्या घरातला नातू. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शाळेत त्याची आई आणि दोन लेकरं होती. आबा गेल्यावर त्या घराशी बोलणं सुरू झालं होतं, पण बेतानंच.

अण्णांनी खड्डा केला, मी मोबाईलचा उजेड धरला. पहिला ग्लास चहासारखा निघाला. कुणीच काही बोललं नाही. अण्णांनी तो ओतून दिला आणि म्हणाले, "हे वरनं यायलंय, पावसाचं. झाक." त्या पोरानं खोळ खड्ड्यावर तंबूसारखी धरली. मी पायानं बाजूला चर काढला, पाळूवरून वाहून येणारं पाणी दुसरीकडं गेलं. थांबलो. अंधारात सांडवा गरजत होता आणि पायाखालची जमीन हलतेय की माझे पाय, ते कळत नव्हतं. दुसरा ग्लास. निवळायच्या बेतात, पण तळाला काहीतरी फिरत होतं. अण्णांनी तोही ओतला. पुन्हा थांबलो. पोराचे हात थरथरत होते, पण खोळ त्यानं हलू दिली नाही.

तिसरा ग्लास अण्णांनी बराच वेळ उजेडासमोर धरला, एकदा या बाजूनं, एकदा त्या. सहासष्टाव्या वर्षी त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही, हे ते कबूल करत नाहीत. त्यांनी ग्लास माझ्याकडं दिला नाही. पोराकडं दिला.

"तूच बग," ते म्हणाले. "माती हाय का?"

त्यानं खोळ माझ्याकडं सोपवली, ग्लास दोन्ही हातांनी डोळ्यांपाशी नेला. पावसाचं पाणी त्याच्या कपाळावरून नाकावर येत होतं, ते आत पडू नये म्हणून त्यानं मान मागं घेतली.

"न्हाई अण्णा," तो म्हणाला. "नितळ हाय."

आणि ते पाणी त्यानं सांडलं नाही, उभ्या उभ्या पिऊन टाकलं.